दिव्याला हात लावू नये

सासरे : बादली आणा म्हटलं ना मी. की तीही तुमच्या कंपनीकडून मंजूर होऊन यायची आहे?

जावई : बादली तुमच्या पायाशीच आहे, बाबा. पण बाहेर काढायच्या आधी एकदा बघू तरी, फुलाला झालंय काय ते.

सासरे : फूल. पाच वर्षं झाली तुमच्या लग्नाला. रोज सकाळी ह्या टाकीसमोर बसून चहा ढोसता, आणि अजून फूलच. ॲनिमोन म्हणायचं त्याला. समुद्रातला प्राणी आहे तो. तोंड आहे, पोट आहे, खडकाला धरून बसायला पाय आहे. फुलदाणीत खोचून ठेवला होता का मी?

जावई : बरं, ॲनिमोन. ॲनिमोनला झालंय काय?

सासरे : हे मला विचारता? मी पाच आठवडे इथं होतो का? आधी एका डोळ्याचा मोतीबिंदू, मग दुसऱ्याचा, आणि मधले सगळे दिवस बहिणीच्या घरी पडदे ओढून पडलेलो. टाकी कोणाच्या ताब्यात होती?

जावई : माझ्या.

सासरे : जाताना काय सोपवलं होतं तुम्हाला?

जावई : हेच.

सासरे : हे नव्हे. चांगला तपकिरी, धडधाकट प्राणी सोपवला होता. आज सकाळी दारात पाऊल टाकतो तर हा असा, पांढराफटक. अंगातलं सगळं रक्त काढून घेतल्यासारखा. एकोणीस वर्षं जगवला मी त्याला, जावईबापू. तुमच्या बायकोला शाळेत सोडायला जायचो तेव्हापासून. तुम्हाला पाच आठवडे जमलं नाही.

जावई : पण म्हणून लगेच बादलीत?

सासरे : मग काय पाळण्यात? मरायला टेकलेला ॲनिमोन टाकीत ठेवला तर काय होतं, माहीत आहे? विरघळतो तो. सगळं पाणी नासवतो. मासे, शंख, खेकडे, एकूण एक जीव संध्याकाळपर्यंत उताणा. त्याच्या कुशीत राहणारी ती नारिंगी माशांची जोडी आधी जाईल. मला काय हौस आहे का एकोणीस वर्षांचा जीव माझ्या हातानं उपसून टाकायची?

जावई : हौस नाही म्हणूनच म्हणतो. आमच्याकडे लिफ्ट अडकली की आधी कारण शोधतात. कारण न बघता भाग काढून टाकला, तर नवा भागही दुसऱ्या दिवशी जातो.

सासरे : आली. लिफ्ट आली. मी मनात म्हणतच होतो, अजून कशी आली नाही. माणसांना वर नेऊन परत खाली आणायचं, ह्यात आयुष्य गेलं तुमचं, आणि समुद्राच्या तळाचं मला सांगताय.

जावई : सांगत नाहीये. विचारतोय.

सासरे : विचारा. नाही, मीच विचारतो. खुर्ची घ्या. आता एकेक उत्तर द्यायचं, आणि नीट द्यायचं. टाकीतलं पाणी उडायचं, त्याच्या बदल्यात काय घालत होतात?

जावई : साधं पाणी. गाळलेलं. रोज अर्धा लिटर, कधी थोडं जास्त.

सासरे : मिठाचं का नाही?

जावई : पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. वरून मिठाचंच घातलं तर खारटपणा चढत जाईल. तुम्हीच टाकीच्या कडेला कागद चिकटवलाय.

सासरे : म्हणजे चिकटवलेला कागद वाचण्याइतकं शिक्षण झालेलं आहे. ती छोटी दुर्बीण इकडे द्या. खारटपणा मीच बघतो, तुमच्या आकड्यांवर माझा भरवसा नाही. एक थेंब टाका काचेवर. एक म्हटलं मी, आंघोळ घालायची नाहीये तिला.

जावई : एकच टाकला.

सासरे : पस्तीस.

जावई : पस्तीसच हवं ना?

सासरे : आज आलंय पस्तीस. आंधळ्यानं दगड मारला तरी कधीतरी आंबा पडतो. उष्णता?

जावई : पंचवीस. एकदा सव्वीस झाली होती, दुपारी. मी खिडकीचा पडदा ओढला. वहीत नोंद आहे.

सासरे : वहीत. ह्या माणसानं वही केली.

जावई : रोजची. सकाळी सहा चाळीसला.

सासरे : खायला काय घातलं?

जावई : कोळंबीचा तुकडा, नखाएवढा. आठवड्यातून दोनदा. तुमच्या त्या लांब दांडीच्या चमच्यानं, तोंडाच्या अगदी जवळ नेऊन. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यानं तुकडा बाहेर टाकला. मी लगेच काढून घेतला, पाण्यात सडू दिला नाही.

सासरे : आणि हात? लिफ्टचं ग्रीस लागलेले हे पंजे घातलेत ना आत?

जावई : नाही. जे करायचं ते सकाळीच, कामावर जायच्या आधी. कोपरापर्यंत नुसत्या पाण्यानं धुऊन. साबण नाही, तेल नाही.

सासरे : कोपरापर्यंत. शस्त्रक्रियाच करत होते जणू.

जावई : बाबा, एक विचारू? आता तुम्ही स्वतःच बघा. त्याचा पाय सुटलाय का?

सासरे : बाजूला व्हा. उजेड अडवताय. पाय... नाही. पाय धरलेला आहे.

जावई : तोंड?

सासरे : तोंड मिटलेलं आहे.

जावई : "मरणाऱ्याचं तोंड वासतं आणि पाय सुटतो." तुमच्या डायरीतलं वाक्य आहे.

सासरे : माझी डायरी वाचलीत तुम्ही?

जावई : जाताना तुम्हीच दिली होतीत. वाचून पाठ करा म्हणून.

सासरे : मी सांगितलेलं तुम्ही करता, हीच तर खोड आहे तुमची. स्वतःचं डोकं म्हणून नाही. पाय धरलेला आहे, तोंड मिटलेलं आहे, पाणी चांगलं आहे, खाणं चांगलं आहे, आणि तरी प्राणी पांढरा आहे. म्हणजे काहीतरी केलंय तुम्ही, आणि ते वहीत लिहिलेलं नाही. ती आली वाटतं.

मुलगी : आलात बाबा? प्रवासात डोळ्यांना वारा नाही ना लागला? काळा चष्मा का काढलात?

सासरे : घरात कसला काळा चष्मा. आणि तू तोंडाला काय बांधलंयस?

मुलगी : रुमाल. सर्दी झालीय.

सासरे : कर्णबधिर मुलांची बाई तोंड बांधून शाळेत गेली? ओठांकडे बघून शिकतात ती. आज काय, पाठीवर बोटानं लिहून शिकवलंस?

मुलगी : शाळेत काढला होता. आता बांधला. तुमच्या डोळ्यांना काही व्हायला नको म्हणून. दोन वाजता थेंब घालायचे आहेत ना, म्हणून अर्धी रजा टाकली.

सासरे : थेंब घालशील तेव्हा घालशील. आधी दात दाखव.

मुलगी : दात कशाला आता?

सासरे : कशाला म्हणजे? नव्या डोळ्यांनी बघितलेला नाही अजून. माझं शेवटचं काम आहे ते. छत्तीस वर्षं चिनी मातीचे दात घडवले, रंग लावून भट्टीत घातले, आणि शेवटचा पोरीच्या तोंडात बसवला. तोही कशामुळे, तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची बायको, आणि लिफ्ट बंद म्हणून जिन्यावरून उतरताना तोंडावर आपटली.

जावई : त्या इमारतीचं कंत्राट आमच्याकडे नव्हतं.

सासरे : तुमच्याकडे असतं तर दोन दात पडले असते.

मुलगी : बाबा, आधी ह्याचं काय ते बघा. बादली का काढलीय?

सासरे : तुझ्या नवऱ्यानं पांढरा करून ठेवलाय त्याला, म्हणून. कालवाच्या शिंपल्याला आतून असतो ना रंग, तसा. मला रंग शिकवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सांगितलं का ह्यांनी तुला?

मुलगी : नाही.

सासरे : कसं सांगतील. माझं कौतुक ऐकलं की ह्यांना ऐकू येत नाही. म्हणाल्या, तुमच्या डोळ्यातली भिंगं पार चहाच्या रंगाची झाली होती, दोन-तीन वर्षांपासून तरी असणार. एवढ्यातून तुम्ही दातांचे रंग कसे जुळवत होता? मी म्हटलं, बाई, डोळ्यानं जुळवतात ते शिकाऊ. आमचा हात जुळवतो.

जावई : त्यावर त्या काय म्हणाल्या, तेही सांगा.

सासरे : काय म्हणणार. गप्प बसल्या.

मुलगी : बाबा, पाणी देऊ प्यायला?

सासरे : पाणी नको. थांब. थांब जरा. मघापासून डोक्यात घोळतंय काहीतरी, आल्यापासून. आता लक्षात आलं. हे बघा, जावईबापू, चोरी लपत नसते. ही भिंत.

जावई : भिंतीचं काय?

सासरे : मला वेड्यात काढू नका. मी गेलो तेव्हा ही भिंत पिवळी पडलेली होती. किती वेळा बोललो असेन, रंग काढा म्हणून. माझी पाठ फिरताच काढलात. पडदे नवे आणलेत. माझ्या अंगातला हा सदरासुद्धा एकदाचा पांढरा धुतलाय कोणीतरी. करा, घर तुमचं आहे. पण टाकी उघडी ठेवून, तिच्यापासून चार हातांवर, बंद खोलीत भिंतीला रंग? तो वास पाण्यात उतरतो. विष असतं ते. मिळालं तुमचं कारण. लिहा वहीत.

जावई : भिंतीला रंग काढलेला नाही, बाबा.

सासरे : खोटं बोलायचं तर निदान भिंतीसमोर उभं राहून बोलू नये.

मुलगी : खरंच नाही काढला. पडदेही तेच आहेत.

सासरे : हे पांढरे पडदे?

मुलगी : पहिल्यापासून पांढरेच आहेत. आणि सदरा मी धुतलाय, नेहमीसारखा. त्याच साबणानं.

सासरे : दोघांनी ठरवून ठेवलंय काय सांगायचं ते. छान. संसार चाललाय म्हणजे.

जावई : ठरवलेलं नाही. फोटो दाखवतो.

सासरे : कसला फोटो?

जावई : तुम्ही निघालात त्या सकाळचा. कुठल्याही यंत्राचा ताबा घेताना आम्ही आधी फोटो काढतो, आहे त्या स्थितीत. नंतर कुणाशी वाद नको म्हणून. सवय आहे.

सासरे : म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता.

जावई : आम्ही कशावरच ठेवत नाही. हे घ्या. वर तारीख आहे. तुम्ही स्टुलावर बसलाय, हातात खायला घालायचा चमचा. त्याच्या टोकानं मला ॲनिमोन दाखवताय. "हा तपकिरी रंग नीट बघून ठेवा, परत येईन तेव्हा असाच पाहिजे," असं म्हणत होतात.

सासरे : म्हणत होतो. आठवतंय मला. बघू. ह्यात तर तो पांढराच दिसतोय. तुमच्या ह्या फोनला रंगातलं काय कळतं? वर निळा दिवा आहे टाकीला. निळ्या दिव्याखाली काढलेला फोटो कोर्टात उभा राहत नाही.

जावई : मान्य. म्हणून एकट्या रंगाकडे बघू नका. हाताखालच्या माणसांना तुम्ही काय सांगायचा? दात एकटा बघायचा नाही, शेजारच्याला लावून बघायचा. फोटोत शेजारी चमचा आहे. चमचा पांढरा आहे, हे तरी मान्य आहे ना?

सासरे : माझंच मला ऐकवताय.

जावई : बघा तर.

(सासरे फोन नाकाशी नेतात, मग हात लांब करून धरतात. टाकीकडे बघतात, भिंतीकडे बघतात, स्वतःच्या बाहीकडे बघतात आणि पुन्हा फोन नाकाशी नेतात.)

सासरे : चमचा कुठं संपतो, आणि हा कुठं सुरू होतो?

जावई : त्या दिवशी मलाही हेच विचारायचं होतं.

सासरे : मग विचारलं का नाहीत? तोंडाला तुम्हीही रुमाल बांधला होता?

जावई : विचारलं होतं. त्या दिवशी नाही, गेल्या वर्षी. सगळे जेवायला होते. आत्या होत्या, तुमचे कामावरचे दोघं होते. मी म्हटलं, बाबांचा ॲनिमोन पांढरा होत चाललाय का? तुम्ही घास खाली ठेवलात आणि म्हणालात, ऐका, आमच्या जावयाला तपकिरी आणि पांढरा कळत नाही, बटणांचा लाल आणि हिरवा कळतो एवढ्यावर पोट भरतोय. सगळे हसले.

सासरे : हसण्यासारखंच होतं.

जावई : होतं. नंतर आत्यांनी ते तीनदा सांगितलं. म्हणून पुढं मी रंगाबद्दल काही बोललो नाही. आजही बोलणार नव्हतो.

मुलगी : मीही म्हटलं होतं बाबा, त्याच महिन्यात. तुम्ही म्हणालात, नवऱ्याची बाजू घेऊ नकोस.

सासरे : म्हणजे तुमचं म्हणणं, हा आधीपासून असाच आहे.

जावई : माझं म्हणणं काही नाही. तुमची डायरी काय म्हणते ते वाचू?

सासरे : वाचा. तेवढंच राहिलंय.

जावई : तीन वर्षांपूर्वीची नोंद. "दिवा पस्तीस टक्क्यांवर. रंग उत्तम." मग त्या वर्षअखेरीला. "दिवा मरत चालला आहे. टाकी अंधारलेली दिसते. पन्नासवर नेला." चार महिन्यांनी. "दिवा फारच मंद. जावयानं आणलेला माल. पासष्टवर नेला." हा मी आणलेला नव्हता, पण असो.

सासरे : पुढं.

जावई : "ऐंशीवर." नुसतं तेवढंच. मग गेल्या वर्षी. "पंचाण्णववर. आता कुठं जरा उजेड आला." आणि शेवटच्या पानावर लाल शाईनं, माझ्यासाठी. "दिव्याला हात लावू नये."

सासरे : लावलात?

जावई : नाही.

सासरे : नाहीच लावणार. तुम्हाला आग लागली असती आणि मी लिहून ठेवलं असतं की बादलीला हात लावू नये, तर हात बांधून बघत बसला असता. पंचाण्णव. त्याच्या अंगात शेवाळ असतं, सूक्ष्म, तपकिरी. तोच त्याचा रंग आणि तेच त्याचं अर्धं जेवण. उजेड सोसेनासा झाला की तो ते अंगाबाहेर टाकतो. हे कोणालाही माहीत असतं. दुकानात पहिल्यांदा टाकी बघायला आलेल्या माणसालासुद्धा सांगतात.

मुलगी : मग ही चूक कोणाची, बाबा?

सासरे : एका गाढवाची. टाकी अंधारली, भिंत पिवळी पडली, पडदे कळकट, सदरे कळकट, चमचा पिवळा. चमचे किती आणवले मी?

जावई : तीन. तिन्ही पांढरे होते. कपाटात ठेवलेत.

सासरे : तीन चमचे परत केले, आणि एकदाही मनात आलं नाही की एवढं सगळं जग एकदम कसं मळेल. त्या डॉक्टरीणबाई गप्प बसल्या, ते कौतुकानं नव्हे. दयेनं बसल्या. आणि मी 'आमचा हात जुळवतो' म्हणून फुशारक्या मारतोय. तुम्हीही ऐकत होता दारात उभे राहून. तुमच्या तोंडाला काय झालं होतं?

जावई : ऑपरेशन झालेल्या माणसाला काय बोलायचं.

सासरे : दया. ह्या घरात पण दयाच. त्यापेक्षा चार शिव्या द्यायच्या होत्या.

मुलगी : दोन वर्षं मी तुमचे सदरे रोज दोनदा धुतलेत. शिव्या देत होते, मशीनला.

सासरे : बरं करत होतीस. ती बादली आत ठेवा, जावईबापू.

जावई : म्हणजे जगेल?

सासरे : पाय धरलेला आहे आणि खातोय. शेवाळ गेल्यावर तोंडात घातलेल्या घासावरच टिकतो तो. गेलं वर्षभर मीच घालत होतो, तेव्हा ह्यात तुमचं फार मोठं काही नाही.

जावई : नाहीच.

सासरे : पण मी पाच-सहा दिवसांनी, आठवेल तेव्हा एकदा घालायचो. तुम्ही आठवड्यातून दोनदा घातलंत. आणि बाहेर टाकलेला तुकडा काढून घेतलात. मी असतो तर तो मला दिसलाही नसता, सडला असता तिथंच. हे मी एकदाच बोलणार, पुन्हा विचारू नका.

जावई : नाही विचारत. दिवा किती ठेवू?

सासरे : आज सत्तर. चार दिवसांनी पन्नास. मग चाळीस, आणि तिथंच थांबायचं. घास अजून लहान करा, कांदा बारीक चिरतो तेवढा. आणखी काही महिने पांढराच दिसेल. रंग परत यायला वर्ष जाईल, आला तर.

मुलगी : येईल.

सासरे : तू कोण सांगणारी. दोन वाजले. थेंब घाल.

मुलगी : मान मागे करा. वर बघा, छताकडे.

सासरे : छत बघून झालं. पांढरं आहे, कळलं मला. रुमाल काढ.

मुलगी : सर्दी आहे म्हटलं ना.

सासरे : आल्यापासून एकदा शिंकली नाहीस. आवाजही बसलेला नाही. मी पाच आठवड्यांनी घरी आलो, डोळे नवे आहेत, आणि तू तोंड बांधून उभी आहेस. काढ.

मुलगी : आधी थेंब घालू द्या. थेंब घातल्यावर थोडा वेळ अंधुकच दिसतं.

सासरे : म्हणूनच आधी काढ.

जावई : काढ गं. आता काय राहिलंय.

मुलगी : तू गप्प बस.

सासरे : खिडकीकडे तोंड कर. दिव्याखाली दाताचा रंग बघायचा नसतो. अजून वळ. ओठ वर कर जरा.

मुलगी : दिसला?

सासरे : शेजारचा दुसऱ्या नंबरचा आहे. आमच्या पट्टीवर सोळा रंग असतात, पांढऱ्यापासून धरले तर दुसरा. माझा आठवा आहे. नववाही म्हणता येईल. नवख्या पोऱ्यानं पहिल्या दिवशी हा करून आणला असता, तर मी त्याच्यासमोर हातोडीनं फोडला असता.

मुलगी : आकार छान आहे, बाबा. चावताना कळतही नाही.

सासरे : आकार कोणीही करतो. बसवताना डॉक्टर काय म्हणाला?

मुलगी : तीनदा विचारलं, नक्की हाच बसवू ना?

सासरे : आणि तू?

मुलगी : म्हटलं, माझ्या बाबांनी केलाय.

सासरे : मूर्ख आहेस.

मुलगी : हो.

सासरे : वर्षभर हा असा घेऊन वर्गात उभी राहिलीस? दिवसभर तुझ्या तोंडाकडेच बघणाऱ्या मुलांसमोर?

मुलगी : पहिला आठवडा ती दाताकडेच बघत होती. मग सवय झाली त्यांना. एका मुलीनं माझं चित्र काढलं होतं. सगळे दात कोरे सोडले आणि एकात पिवळा खडू भरला. शाळेतच ठेवलंय मी ते, तुम्हाला दिसू नये म्हणून. तेव्हा कुठं कळत होतं मला, तुम्हाला ते तसंही दिसलं नसतं.

सासरे : त्या मुलीची नजर चांगली आहे.

मुलगी : डोळे मिटू नका. वर बघा. एक. दोन. आता मिटा.

सासरे : जावईबापू.

जावई : आहे इथंच.

सासरे : डायरी तुमच्याकडेच ठेवा. माझ्या हातात देऊ नका. आजची नोंद घाला, मी सांगतो तशी. ॲनिमोन पांढरा. कारण, दिवा.

जावई : आमच्या तक्त्यात आणखी एक रकाना असतो. चूक कोणाची.

सासरे : मग भरा ना. मालकाची.

जावई : आणि दोष कधीपासून, तेही लागतं. तारीख काय घालू?

सासरे : हिचा दात बसवला, त्याच्या आधीची.